गेरीतला चंदेरी चेहरा

१

सुगतने फोटोची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, हा मी नाहीये. पण मी नाहीये हे सिद्ध कसं करू, तेच समझत नाही."

मी चष्मा लावला. फोटोत एक तरुण भिंतीला टेकून उभा होता. केसांपासून गळ्यापर्यंत त्याचा चेहरा चंदेरी पेंटने माखला होता आणि त्यावर जांभळ्या-हिरव्या रंगाचे थर होते. डोळे मिटलेले होते. नाक कुठे संपतं आणि ओठ कुठे सुरू होतात तेसुद्धा धड कळत नव्हतं. हा माझाच मुलगा आहे असं कोणी शपथेवर सांगितलं असतं, तरी मला नाही म्हणता आलं नसतं.

फोटोखालचा मजकूर मात्र अगदी स्वच्छ होता. नाव सुगत, वडिलांचं नाव नथू, राहणार महू, गल्लीसकट. साल दोन हजार एकोणीस, दिवस रंगपंचमीचा. इंदौरच्या राजवाड्याजवळ मारामारी करून एकाचं डोकं फोडलं, गुन्हा कबूल केला, दंड भरला, सुटला.

मी मधुवंती. इंदौरच्याच पलासिया भागात माझं वकिलीचं ऑफिस आहे. खाली दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे दिवसभर ड्रिलचा आवाज येतो आणि नवे पक्षकार आधीच घाबरलेले असतात. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते असं आमच्याकडे अजून सांगतात. मी गेली तीस वर्षं कोर्टाच्या जिन्यांवर आहे, आणि तिथे घोडा चढत नाही.

सुगत सव्वीस वर्षांचा होता. बापाने महूच्या छावणीत पाणीपुरवठ्यावर नोकरी केली, त्या पगारावर हा इंदौरला भंवरकुआंच्या क्लासेसच्या वस्तीत खोली घेऊन वर्षानुवर्षं परीक्षा देत राहिला. शेवटी केंद्र सरकारच्या एका कचेरीत निवड झाली. फॉर्मवर विचारलं होतं, तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का? त्याने 'नाही' लिहिलं. मग पोलीस तपासणीत ही नोंद निघाली. आता नोटीस आली होती: माहिती लपवली म्हणून निवड रद्द का करू नये? महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आणि ही नोंद पुढच्या प्रत्येक तपासणीत निघणार होती, म्हणजे ही नोकरी गेली की दुसरी नव्हती.

"हे पुसता येतं ना, मॅडम? यूट्यूबवर सांगतात, वकील करा, रेकॉर्ड क्लीन होतो."

"यूट्यूबवर टक्कल पण जातं," मी म्हटलं. "सज्ञान माणसाने गुन्हा कबूल केला, दंड भरला, की ते नाव सहजासहजी पुसत नाहीत आपल्याकडे. हायकोर्टात जाता येतं. पण तिथे जायचं तर तो तू नव्हतास हे दाखवावं लागेल, आणि ते दाखवायचं तर तो कोण होता हे सांगावं लागेल."

किरकोळ गुन्ह्यांच्या फायली मुदत संपली की नष्ट करतात. मी फोनवर चौकशी केली, तर याचीही फाईल केव्हाच गेली होती. ठसे घेतलेच नव्हते. कागद जळला आणि कॉम्प्युटरमधलं नाव आणि हा फोटो तेवढा राहिला, असा सगळा कारभार.

मी पुन्हा नोंद वाचली आणि एका ठिकाणी थांबले. जन्मतारीख एक जुलै लिहिली होती.

"तुझी जन्मतारीख काय?"

"चौदा एप्रिल." मग त्याचे डोळे एकदम चमकले. "म्हणजे ही तारीखच गलत आहे! मग तर मी सुटलो ना?"

बिचारा. मी त्याच्यासमोरच नोटीस पाठवणाऱ्या कचेरीत फोन लावला. त्यांच्या मते नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, पत्ता जुळला, तारीख लिहिणाऱ्याची चूक असेल. शिवाय मला दुसरंच काहीतरी खुपत होतं.

"सुगत, रस्त्यावरचा अनोळखी माणूस तुझ्या वडिलांचं नाव आणि महूची गल्ली सांगू शकत नाही. हे नाव तुझ्या जवळच्याच कोणीतरी दिलंय."

२

बाहेरच्या लोकांना रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, सांगून कळत नाही. राजवाड्यासमोर लाखो माणसं, टँकरमधून पाणी, तोफांसारख्या यंत्रांतून तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारा गुलाल. त्या दिवशी मालक आणि नोकर, जावई आणि सासरा एकाच रंगाचे होतात. आणि गेरीला जाताना इंदौरकर खिशात काहीही ठेवत नाही. पाकीट, फोन, ओळखपत्र सगळं घरी. त्यामुळे त्या दिवशी कोणाला पकडलं, तर ना तोंडावरून ओळख पटते ना कागदावरून. सांगेल ते नाव खरं.

सुगत त्या दिवशी तापाने खोलीवर पडून होता. साक्षीदार कोणी नाही, कारण खोलीतला जोडीदार अर्पित गेरीला गेला होता.

अर्पित आता राजवाड्यामागे बापाच्या बांगड्यांच्या होलसेल दुकानात बसतो. चांगला धिप्पाड, हसरा गडी. मी वकील आहे म्हटल्यावर हसणं थोडं कमी झालं आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी पोलिसांची नोंद पुढे ठेवली. त्याने वाचली आणि तोंडातला पान-मसाला थुंकून आला.

"आंटीजी, मी असं करेन का? सुगत भिया माझ्या भावासारखा आहे. एका ताटात जेवलोय आम्ही."

"एका ताटात जेवणाऱ्यालाच बापाचं नाव ठाऊक असतं, अर्पित."

त्याला राग आला, पण खरा राग होता. मी विचारलं, सुगतचा वाढदिवस कधी? तो म्हणाला, हे काय विचारणं झालं? चौदा एप्रिलला हे सगळे मित्र मिळून महूला जात. बाबासाहेबांच्या जयंतीला तिथे केवढी गर्दी, आणि हे सुगतला चिडवत की बघ, तुझ्या बड्डेला आख्खा देश आलाय. ही तारीख त्यांच्या ग्रुपात कोणी विसरणंच शक्य नव्हतं.

म्हणजे अर्पितने नाव दिलं असतं तर तोंडातून चौदा एप्रिल निघाली असती. खोटी सुचली असती तर दुसरी कुठलीही. बरं, फोटोतल्या मुलाचं डोकं शेजारच्या दाराच्या चौकटीच्या चांगलं वीतभर खाली होतं, आणि अर्पित आपल्याच दुकानाच्या दारातून वाकून आत येत होता. तो फोटोत मावलाच नसता.

मी उठले. जाताना सहज विचारलं, की गेरीला एकटाच गेला होतास का.

तो काउंटरवरच्या बांगड्या सारख्या करत म्हणाला, "छोटा होता ना सोबत. अशोक. भियाचा भाऊ. महूहून गेर बघायला आला होता. भीडमध्ये सुटला हात, मग दिसलाच नाही. रात्री खोलीवर पण नाही आला. भियाला मी सांगितलं, गेला असेल सरळ घरी."

३

अशोकचं नाव सांगून मी सुगतला गाडीत बसवलं. महूच्या रस्त्याला लागल्यावर मीच विचारत गेले. अशोक धाकटा, तीन वर्षांनी लहान. अभ्यासात यथातथा, पळण्यात पहिला. गेरीच्या वर्षी त्याची फौजेची भरती चालू होती. दौड आणि मेडिकल झालं होतं. उन्हाळ्यात तो रुजूही झाला. आता काश्मीरकडे कुठेतरी होता आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

"त्याने नाही केलं, मॅडम," अखेर सुगत म्हणाला. "तो मला सांगितल्याशिवाय चड्डी पण नाही घेत."

नथू दारातच उभे होते. ताठ, पांढरा शर्ट, पिकलेल्या मिश्या. "जय भीम, मॅडम," म्हणाले आणि खुर्ची स्वतः पुसून पुढे केली. त्यांचे वडील फौजेत होते. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली म्हाताऱ्या शिपायाचा फोटो होता, शेजारी वर्दीतल्या अशोकचा. सुगतचा फोटो नव्हता. माझी नजर तिकडे गेलेली कांताबाईंनी, म्हणजे सुगतच्या आईने, पाहिली.

"याचा नोकरी लागल्यावर लावू म्हटलं, ताई," त्या म्हणाल्या.

नथूंशी बोलून फार हाती लागलं नाही. त्या रंगपंचमीला ते घरीच होते, अशोक संध्याकाळी परत आला की दुसऱ्या दिवशी, हे त्यांना आठवत नव्हतं. मारामारीचं ठाऊक नव्हतं. माणूस उद्धट नव्हता, पण प्रत्येक उत्तराआधी थोडा थांबत होता. मी वकील आहे. मला तो थांबा ओळखता येतो. मुलासाठी थांबतोय असं मला वाटलं.

पोहे करायला कांताबाई आत गेल्या, तशी मीही पाठोपाठ गेले. बायका स्वयंपाकघरात जास्त खरं बोलतात, हा माझा कोर्टाबाहेरचा अनुभव. त्यांना केसचं फारसं कळलं नव्हतं. पोराच्या कागदांत काहीतरी चूक आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

"याचे कागद पहिल्यापासून असेच, ताई," त्या शेव काढत म्हणाल्या. "शाळेत नाव घालायला हे घेऊन गेले, तर गुरुजींनी तारीख विचारलीच नाही. एक जुलै टाकून दिली. आपल्याकडे शाळा एक जुलैला उघडायची ना, तेव्हा सगळ्या मोहल्ल्याचा जन्म एक जुलैचा! आणि हे पण काही बोलले नाहीत गुरुजींपुढे. मीच भांडले मग. म्हटलं, बाबासाहेबांच्या दिवशी जन्मलेलं पोर, आणि एक जुलै? याने तिसरीची परीक्षा दिली तेव्हा यांनी कचेरीचे खेटे घालून बदलून आणली."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. "सुगतला हे माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगायचं? यांना लाज वाटायची त्या गोष्टीची, की पोराची तारीख खोटी लिहिली आणि बापाला तोंड उघडता आलं नाही. कोणापुढे काढू नको म्हणाले. अशोक तर तेव्हा एवढासा होता. आज बोलले मी, तुम्ही कागदाचं विचारलं म्हणून."

बाई आनंदाने बोलत होत्या. आपण काय सांगून बसलो याची त्यांना कल्पना नव्हती.

४

हिशेब सरळ होता. फोटोतला चंदेरी चेहरा अशोकचा होता, यात मला आता शंका नव्हती. पण नाव अशोकने दिलं नव्हतं. त्याने दिलं असतं तर चौदा एप्रिल सांगितली असती. भावाची दुसरी तारीख त्याला माहीतच नव्हती. अंदाजाने कोणी नेमकी एक जुलै सांगणं शक्य आहे, नाही असं नाही. पण सुगतची ही रद्द झालेली तारीख जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातल्या एकीने मला ती आत्ता पोह्यांसोबत वाढली. कांताबाईंनी पोलिसांत नाव दिलं असतं, तर त्या ही गोष्ट इतक्या सहज बोलल्या नसत्या.

मी बाहेर आले. सुगत पाणी भरायला मागे गेला होता. मी नथूंच्या समोर बसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "नथूजी, चौकीत तुम्ही एक जुलै का सांगितली?"

या वेळी ते थांबले नाहीत. जणू कितीतरी वर्षं कोणी हे विचारील म्हणून तयारच होते.

"मॅडम, फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होतो. तसाच बसने गेलो. तिथे दहा-बारा पोरं बसवली होती, सगळी चांदीसारखी. मला माझं पोर ओळखू येईना. त्याने 'बाबा' म्हटलं तेव्हा कळलं." ते हातांकडे बघत होते. "चौकीतला लिहिणारा मुंशी म्हणाला, पोरगा अठराच्या आत असेल तर लंबा मामला होईल, पोरांच्या बोर्डापुढे न्यावा लागेल. सज्ञान असेल तर उद्या दंड भरा, किस्सा खतम. अशोक साडेसतराचा होता. भरतीचं पोलीस व्हेरिफिकेशन यायचं होतं. मुंशीने विचारलं, नाव? पोराने तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, सुगत."

"दुसऱ्या दिवशी कोर्टातही?"

"मी म्हटलं, तू फक्त हो म्हण. तो रडत होता. पण म्हणाला."

"आणि सुगत? त्याचा विचार नाही आला?"

"आला ना. म्हणून तर तारीख ती दिली, रद्द झालेली. म्हटलं, कधी कोणी कागद काढला तर याच्याशी जुळू नये." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "सुगत हुशार आहे, मॅडम. वाटलं, हा कुठेही निभावून नेईल. अशोककडे पळण्याशिवाय काय होतं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फास विणणारा संन्याशाचाच बाप होता आणि त्यातही तो गाठ सैल ठेवायला बघत होता. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि राग धरून ठेवावा तर तोही धरवेना.

मागच्या दारात बादली घेऊन सुगत उभा होता. तो किती वेळ तिथे होता मला ठाऊक नाही. त्याने बादली जमिनीवर ठेवली, अगदी सावकाश, पाणी सांडू न देता.

५

आम्ही दोघं बाहेर माझ्या गाडीजवळ येऊन उभे राहिलो. समोरच्या मैदानावर पोरं भरतीची दौड मारत होती. सुगत त्यांच्याकडे बघत होता.

"आता काय होईल?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. खरं लिहून हायकोर्टात गेलो, तर त्याचं नाव सुटण्याची चांगली आशा होती. पण त्यासाठी बापाने शपथेवर सांगायला हवं की मी पोलिसांना आणि कोर्टाला फसवलं. मग त्यांच्यावर केस. अशोकने भावाच्या नावाने कबुली दिली आणि भरतीत ही गोष्ट दडवली, म्हणून त्याची वर्दीही बहुधा जाणार. एकाला धुवायचं तर दुसरा माखतो.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू गुन्हेगारही ठरशील आणि खोटारडाही."

"मी असं लिहिलं तर, की मीच होतो, चूक झाली, वय कमी होतं, माफ करा?"

"किरकोळ मारामारी माफ करतात कधीकधी. लपवलेलं सहसा करत नाहीत. आणि खोटं आहे हे माहीत असून मी ते लिहून देऊ शकत नाही, सुगत."

"मी स्वतः लिहीन, मॅडम. तुम्ही फक्त पता सांगा कुठे पाठवायचं."

तीस वर्षांत मी कितीतरी दोषी माणसांना 'मी नव्हतो' म्हणताना ऐकलंय. 'मीच होतो' म्हणायला निघालेला निर्दोष माणूस पहिल्यांदाच पाहिला, आणि माझ्या सगळ्या कायद्यात त्याला थांबवणारं एकही कलम नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी काय बोलणार?

मग त्याने मी टाळत होते तोच प्रश्न विचारला. "बाबांनी त्या दिवशी अशोकचं खरं नाव, खरं वय सांगितलं असतं तर?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तो पक्षकार होता. मी म्हटलं, "अठराच्या आतल्या मुलाची गोष्ट निराळी असते. बोर्डाने समज देऊन सोडलं असतं. कायदाच म्हणतो की त्या वयातला गुन्हा पुढे नोकरीच्या आड येता कामा नये, आणि त्याची नोंदही नष्ट करायची असते. तेवढीच एक नोंद आपल्याकडे खरोखर पुसतात."

"म्हणजे अशोक फौजेत गेला असता?"

"कायद्याने त्याला कोणी अडवू शकलं नसतं."

"आणि मी?"

"तुझं नाव आलंच नसतं कुठे."

मैदानावरची पोरं एक फेरी संपवून दुसरीला लागली.

तेवढ्यात नथू घरातून आले. पाहुण्याला गाडीपर्यंत पोचवायचं, एवढं घडूनही त्यांनी सोडलं नव्हतं. शर्टाची वरची गुंडी लावून, ताठ चालत आले. मुलाच्या समोर उभे राहिले, पण बोलले माझ्याशी.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. एक सांगा. मी त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर अशोकची भरती गेलीच असती ना?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं. रागही होता. सहा वर्षं हा माणूस आपल्या मनाला काय सांगत आला असेल, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं: एकाला वाचवायला दुसऱ्याला थोडं खर्ची घातलं, पण वाचवलं तरी. नथूजी, कोणाला वाचवायची गरजच नव्हती, हे मी सांगणार होते. मी तोंड उघडलं.

"हो, बाबा," सुगत माझ्या आधी म्हणाला. "गेलीच असती."

नथूंनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी गाडीची किल्ली शोधू लागले.

"तेच," ते म्हणाले. त्यांचे खांदे जरा खाली आले. "मला तेच वाटत होतं. दुसरा रस्ताच नव्हता."